विलायतेची पेन्शन, इकडचे बिऱ्हाड

विलायतेतल्या गिरणीत उमेद घालवून गावी परतलेला म्हातारा आम्हांला म्हणतो, ‘मी इथेच राहतो, सारा गाव जाणतो!’ गाव जाणतो हो, पण तिकडचे करखाते जाणत नाही. 1993 च्या भारत-ब्रिटन करारानुसार अशी पेन्शन जिथे वास्तव्य तिथेच करपात्र; सरकारी नोकरीच्या पेन्शनचा न्याय निराळा. मात्र वास्तव्याचा दाखला आपल्या आयकर खात्याकडून आणावा लागतो. वर्षात 182 दिवस इथे काढले की माणूस निवासी. पण आपले वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, त्यांचे 6 एप्रिलला! दाखला पोहोचेपर्यंत तिकडे कर कापला जातो. तो परत मिळतो, पण मागावा लागतो. म्हणून पासपोर्ट, तिकिटे, कराच्या पावत्या जपा. आम्ही भरून दिलेला पहिला अर्ज वर्षाच्या घोटाळ्यापायी परत आला. म्हाताऱ्याने तो हसत पुन्हा आमच्यापुढे ठेवला.