भरपूर पावसाच्या जिल्ह्यांत घरगुती पाण्याची बचत
(धान उत्पादक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंद्रपूर-गडचिरोलीत पाण्याच्या बचतीवर बोलायचे म्हटले की समोरची मंडळी हसतात. हसणे साहजिकच आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हेवा वाटावा असा सरासरी ११०० ते १५०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पडतो. घोडाझरी, असोलामेंढा, नलेश्वर यांसारखे मोठे तलाव आहेत. शिवाय गावोगावी माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेतच. मग बचत कशाची करायची?

परंतु हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आपल्या पूर्व भागात जमिनीखाली कठीण खडक आहे आणि त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी साठते. बाकीचे नाल्याने वैनगंगेला जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो तेव्हा हातपंप दहा-बारा घागरी भरून दम टाकतो. आपल्याला बचत करायची आहे ती त्या दिवसांतल्या पाण्याची, श्रावणातल्या नव्हे.

प्रथम नळाचे बघू. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने २७५ लिटर मिळायला हवेत. आता आपल्या नळाखाली १५ लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. ती दीड मिनिटात भरली तर नळ मिनिटाला १० लिटर पाणी देतो. भांडी भरून झाल्यावर तोटी नसलेला हाच नळ वीस मिनिटे वाहत राहिला, तर २०० लिटर पाणी नालीत गेले. एवढ्या पाण्यात दुसऱ्या कुटुंबाची जवळजवळ दिवसभराची गरज भागली असती.

गेल्या उन्हाळ्यात मी अशाच एका गावी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. टाकीजवळच्या घरांपुढे नाली भरून वाहत होती, त्यात बदके पोहत होती. शेवटच्या टोल्यावर मात्र बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. एक बाई म्हणाल्या, "आमच्या नळाले हवाच येते साहेब, पाणी नाई येत." टाकी रोज भरत होती, पाणीपट्टी दोघांनाही सारखीच होती. वरच्या घरांचे नळ उघडे राहिल्याने खाली दाब पोहोचत नव्हता, एवढेच कारण. म्हणून तोटी बसवणे हे घराघरावर न सोडता गावाने एकाच आठवड्यात सगळ्या नळांना बसवाव्यात. तोटीचा खर्च आपण एका फवारणीवर करतो त्याहून कमी आहे.

घरात वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे पाच माणसांच्या घरामागे रोज २०० लिटर. हे पाणी न्हाणीतून सरळ सांदवाडीत वळवावे. भर उन्हाळ्यात केळीच्या झाडाला दररोज १५ ते २० लिटर पाणी पुरते. म्हणजे पाच-सहा केळी आणि त्यांच्या शेजारी दुधीभोपळा, दोडका, वाल यांचे चार-सहा वेल सहज जगतात. साबणाचे पाणी एकाच आळ्यात रोज टाकू नये, आळी बदलत राहावे. कच्च्या खायच्या पालेभाजीला हे पाणी देऊ नये.

जागा नसेल तिथे शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले आणि गावातल्या नाल्यांची गरजच संपवली. चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणायचा, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी ठेवायची आणि सभोवती दगड भरायचे. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात डबकी नाहीशी होणे हा फायदा पाण्यापेक्षाही मोठा मानावा लागेल. मात्र वरोरा, भद्रावतीकडील भारी काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे नक्कल करण्यापूर्वी खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात जिरते ते बघावे. पिण्याच्या विहिरीजवळ तर शोषखड्डा मुळीच नको.

आता एक हिशेब, जो अशा कार्यक्रमांत सहसा सांगत नाहीत. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला २७५ लिटर म्हणजे वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते. एक एकर बांधीत पाच सेंटिमीटर पाणी भरायचे तर दोन लाख लिटर लागते. एका कुटुंबाचे दोन वर्षांचे पाणी आपण एका पाळीत देतो! उन्हाळी धानाला तर अशा अनेक पाळ्या द्याव्या लागतात. गावच्या पिण्याच्या विहिरीजवळच्या बोअरवर उन्हाळी धान उभे असेल, तर घरातल्या बायकांनी भांडी कितीही काटकसरीने घासली तरी विहीर आटणारच. हे बोलायला मला संकोच वाटतो, कारण उन्हाळी धानाची शिफारस करणारे आम्हीच आहोत. तलावाच्या लाभक्षेत्रात ते जरूर घ्यावे. पिण्याच्या विहिरीशेजारी मात्र हरभरा, जवस किंवा लाखोळी घ्यावी.

असा निर्णय एकट्याने होत नाही. आपल्याच धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाव ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे हीच सवय होती. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारला आपल्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो. तरी ते गाव पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसे, मग जनावरे आणि उरेल त्यात पिके, असा तिथला क्रम आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही, असेही त्या गावाने ठरवले आहे.

ताळेबंदासाठी यंत्र लागत नाही. सुताची दोरी घ्या, हाताहातावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. पिण्याच्या विहिरीचे पाणी किती हातावर आहे ते दर महिन्याच्या एकाच तारखेला, पहाटे उपसा सुरू होण्यापूर्वी मोजा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चुन्याने लिहा. कोजागिरीचा आकडा आणि मागच्या होळीचा आकडा शेजारी ठेवून रब्बीची ग्रामसभा घ्या. विहिरीशेजारच्या बांधीत काय पेरायचे, ते त्या सभेत धान कापणीला येण्यापूर्वीच ठरले पाहिजे, कारण बियाणे घरात आल्यावर कोणी ऐकत नाही.