सुटाचा रंग आणि राज्यकारभार

२८ ऑगस्ट २०१४ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा वार्ताहरांसमोर उभे राहिले. सीरियांत इस्लामिक स्टेटशीं कसें लढावें याचें धोरण अद्याप ठरलेलें नाहीं, अशी कबुली त्यांनीं तेथें दिली. तिच्यावर टीका झालीच. परंतु तिच्या जोडीनें गाजली ती त्यांच्या फिक्या तपकिरी सुटाची चर्चा. याचें कारण उघड आहे. धोरण समजण्यास अभ्यास लागतो. पोषाखावर मत देण्यास डोळे पुरतात. क्षुल्लक वार्ता अशी स्वस्तांत तयार होते, पण तिची किंमत जनतेला मोजावी लागते. महिना भरण्यापूर्वींच, २३ सप्टेंबर रोजीं, सीरियांत अमेरिकेचे बाँबहल्ले सुरू झाले. ते कशासाठीं व कोणाच्या संमतीनें, हें विचारण्याचे दिवस सुटाच्या रंगावर खर्चीं पडले होते.