पोरी उजवल्या, सून आली, आता सभेला चला
(महिला शिबिरात संघटनेच्या बायांच्या वतीने केलेले भाषण)



आज आम्ही चाळिशी-पन्नाशीच्या बायांबद्दल बोलणार आहोत. म्हणजे आमच्याबद्दलच. या वयाच्या बाईला पाड्यात काय सांगतात? "पोरी उजवल्या, सून आली, आता तुझं झालं. नातवंडं सांभाळ." सभेला निघालो की विचारतात, "या वयात कसली संघटना?" पुढारी पन्नाशीत मंत्री होतो, त्याला कुणी म्हातारा म्हणत नाही. बाई मात्र पन्नाशीत संपली.

आम्ही म्हणतो, संपलं नाही. आता कुठं आपल्याला वेळ मिळालाय.

आजवर आपण कोण होतो? लहानपणी अमक्याची पोर. लग्न झालं, तमक्याची बायको. मग पोराची आई. नाव रेशनकार्डावर होतं, पण त्या नावाने हाक कुणी मारली? पावसात आवणी केली, दिवाळी झाली की वीटभट्टीवर जगायला गेलो. कडेवर पोर, डोक्यावर मोळी. सभेला आलो तरी मागे बसलो, पोर रडलं की उठून गेलो. आता कडेवर पोर नाही. पूर्ण सभा ऐकता येते, बोलताही येतं.

आणि बोलायला आपल्याजवळ पुष्कळ आहे. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण जमीन कसत होतो हे दाखवायचं. कमीत कमी दोन पुरावे लागतात. आपल्याजवळ कागद थोडे. पण दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लिहून दिला तर तोही पुरावा धरतात. वडीलधारं माणूस म्हणजे फक्त धोतरवाला म्हातारा असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. बाईचा जबाबही जबाबच.

शेजारणीने प्लॉट कधी फोडला हे साल सांगून आपल्याला येणार नाही. पण "माझी मोठी पोर पोटात होती, तेव्हा त्यांनी पहिली नागली पेरली" हे आपण छातीवर हात ठेवून सांगू. पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल आहे. झालं, साल सापडलं! शेताचे बांध आणि सपाटीकरण हाही पुरावा आहे. त्या बांधाचे दगड कुणी वाहिले? टोपली कुणाच्या डोक्यावर होती? स्थळपाहणीला समिती आली की घरात पाणी भरत बसू नका. बांधावर उभं राहून दाखवा: इथून इथपर्यंत आमचं, हा मोह तेव्हापासून आहे, इथं राब भाजायचो.

आता नावाची गोष्ट. आपल्या आजा-आजीच्या काळात लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराचं कर्ज घेतलं की नवरा लग्नगडी, आणि त्याची बायकोही सावकाराच्या घरी फुकट राबायची. कर्ज नवऱ्याच्या नावावर, राबणूक दोघांची. १९४५ पासून तलासरी, डहाणूकडच्या वारल्यांनी उठाव करून ती वेठ मोडली. पण जमिनीच्या कागदावर तीच रीत चालू राहिली. नाव एकाचं, घाम दोघांचा. वनहक्क कायद्याने ही रीत बदलली. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. आणि घर एकटी बाई चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. ही जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. म्हणजे दारूच्या पैशासाठी कुणी ती फुंकून टाकू शकत नाही.

तरी फॉर्म भरताना काय होतं? बायकोच्या रकान्यात "सौ." लिहून सोडून देतात. विधवा बाईचं नाव दिराच्या दाव्यात बुडवतात. नवऱ्याने टाकलेल्या बाईला तर विचारतच नाहीत. हे बघायचं काम आपलं. पन्नाशीची बाई कुणाच्याही घरी जाऊन "फॉर्म दाखव" म्हणू शकते. कालच लग्न होऊन आलेली पोर ते म्हणू शकत नाही. आपल्यात लग्न लावायला धवलेरी लागते, बाळंतपणाला सुईण लागते. वयाच्या बाईचा शब्द आपल्या समाजात पूर्वीपासून चालतो. तोच शब्द आता ग्रामसभेत चालवायचा.

ग्रामसभेलाही आपली गरज आहे. वनहक्काच्या सभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. नाहीतर ठराव टिकत नाही. वनहक्क समितीत १० ते १५ जण असतात, त्यातही एक तृतीयांश बाया. म्हणून काही ठिकाणी रजिस्टरवर बायांचा अंगठा घेतात आणि घरी पाठवतात. तसं चालू द्यायचं नाही. अंगठा देण्याआधी ठराव वाचून दाखवायला सांगायचं. आमच्यातल्या काही जणी नातवाच्या पाटीवर गिरवून सही शिकल्या. पहिली सही रजिस्टरवर केली तेव्हा हात कापत होता. आता कापत नाही.

पूर्वी फॉरेस्टवाला आला की आपण कुडाआड लपायचो. आता पुढे होऊन विचारतो, "साहेब, दाव्याची तपासणी पुरी झाल्याशिवाय हटवता येत नाही. तुमचा कागद कुठाय?" त्यालाही आता आपली नावं माहीत झालीत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सासू सभेला गेली आणि सुनेचं काम दुप्पट झालं, तर ती लढाई खरी नाही. त्या दिवशी घरच्या पुरुषाने पाणी भरावं, चूल बघावी. आणि महिन्यातून एकदा सुनेला सभेला धाडा, पोर तुम्ही सांभाळा. नाहीतर तिलाही पन्नाशीची वाट बघावी लागेल.

भावांनो, तुम्ही हसताय, पण दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं आणि तुम्ही भट्टीवर असलात, तर ते पत्र कोण उघडणार? वर दाद मागायला ६० दिवस असतात. घरच्या बाईला माहीत नसेल तर दिवस सरून जातील.

तर पुढच्या ग्रामसभेच्या आत तीन कामं. पाड्यातला प्रत्येक फॉर्म बघायचा, बाईचं पूर्ण नाव आहे का. एकट्या बायांची यादी करायची, त्यांचे दावे वेगळे भरायचे. आणि प्रत्येकीने निदान एका शेजारणीसाठी जबाब लिहून द्यायचा. तू माझी साक्ष, मी तुझी.

जोहार! जिंदाबाद!