जुन्या घरांतील गीझर



विजेनें दिवा लावणें आणि विजेनें उष्णता निर्माण करणें, या दोन गोष्टी घरांतील तारांच्या दृष्टीनें अगदीं भिन्न आहेत. अमेरिकेंत, कारखान्यांत तयार करून जागेवर नेऊन ठेवलेल्या घरांत थंडीसाठीं विजेची भट्टी बसवितात. तिला १० किलोवॅट किंवा त्याहूनहि अधिक शक्ति लागते. म्हणून जाड तारांची स्वतंत्र जोडणी केल्यावांचून ती चालवीत नाहींत. आपल्या वांद्र्याला खोल्या उबविण्याची गरज नाहीं. येथील भट्टी म्हणजे न्हाणीघरांतील गीझर. आणि तो लहान दिसतो म्हणूनच त्याच्याविषयीं आपण निष्काळजी राहतों.

मुंबईच्या उपनगरांसाठीं बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ सालीं स्थापन झाली. वांद्र्यांतील रणवारसारख्या वस्तींत आजहि जुनीं लाकडी घरें उभीं आहेत. अशा घरांत दिव्या-पंख्यांच्या बेतानें घातलेल्या तारा जर अजून तशाच असतील, तर गीझर आणण्यापूर्वीं थोडें गणित करावें. १५ लिटरचा गीझर साधारणतः २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टच्या विजेवर तो सुमारें ९ अँपियर प्रवाह घेतो. ९ वॅटचे दोनशेंहून अधिक दिवे एकदम लावावे, तेवढा हा भार! २५ अंशांचें पाणी ६० अंशांपर्यंत तापण्यास १८-२० मिनिटें लागतात. तितका वेळ तार आणि तिचा प्रत्येक सांधा तापत असतो. प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते. सैल सांध्याशेजारीं सुकें लाकूड असलें, तर पुढें काय होईल हें सांगावयास नको.

यासाठीं गीझरला मीटरच्या फळीपासून वेगळी तांब्याची तार, १६ अँपियरचा प्लग आणि तारेच्या कुवतीचा एमसीबी हवा. १५ लिटर पाण्याचेंच वजन १५ किलो होतें. तेव्हां तो फळ्यांच्या पडदीवर न टांगतां भक्कम भिंतीवर बसवावा.

परंतु सर्वांत महत्त्वाची ती तिसरी तार, म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत पुष्कळदां ती नसतेच. मग कोणी कारागीर प्लगमधील तिसरें टोंक न्यूट्रलला जोडून देतो. गीझर चालतो, पाणी तापतें, सर्वांना समाधान वाटतें. पण पुढें ती न्यूट्रल तार कोठें तुटली, तर गीझरच्या धातूच्या अंगांत वीज उतरते, आणि त्याच्याखालीं ओल्या अंगानें आपलें मूल किंवा म्हातारी आई उभी असते. आरसीसीबी नांवाचें उपकरण ३० मिलिअँपियर वीज भलत्या वाटेनें जाऊं लागतांच पुरवठा तोडतें. तें अवश्य बसवावें, मात्र अर्थिंगच्या ऐवजीं नव्हे, अर्थिंगच्या जोडीला. समुद्राच्या खाऱ्या हवेनें सांधे गंजतात; यास्तव दर वर्षीं त्यांची तपासणी करवावी.

भाडेकरू म्हणतील, घर मालकाचें, मग हा खर्च आम्ही कां सोसावा? याविषयीं मालकाशीं अवश्य बोलावें. पण तो वाद मिटेपर्यंत गीझर जोडूं नये. वीज कंपनी आपल्या मीटरपर्यंतची काळजी घेते; त्यापुढील तारा घरांत राहणारांनींच सांभाळावयाच्या असतात. म्हणून गीझरच्या दुकानांत जाण्याआधीं परवानाधारक वीज-कंत्राटदारास घरीं बोलवावें, आणि आपल्या तारा किती भार सोसतील, हें त्याच्याकडून मोजून घ्यावें.