खिशात मावणारा सिम्प्यूटर

स्मार्टफोन घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी बंगळुरूत खिशात मावणारा संगणक तयार झाला होता. त्याचं नाव सिम्प्यूटर. भारतीय विज्ञान संस्थेतले संगणकशास्त्रज्ञ आणि विनय देशपांडे यांची एन्कोअर सॉफ्टवेअर यांनी २००१ साली त्याचा नमुना लोकांपुढे ठेवला. कळफलक नाही, पडद्यावर काडी टेकवायची, की यंत्र भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणार. अक्षरओळख नसलेल्यालाही ते वापरता यावं! शिवाय स्मार्ट कार्डाची खाच होती: यंत्र गावात एकच, पण ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या कार्डावर. मला ही कल्पना सर्वांत मोलाची वाटते. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने ‘अमिडा’ सिम्प्यूटर बनवला; खप मात्र बेताचाच राहिला. तुमच्या कपाटात एखादा सिम्प्यूटर असेल, तर कृपया भंगारात देऊ नका.