पेटीच्या सुरावर गिटार

(शाहूपुरी, कोल्हापूर येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पेटीवर हेच सूर म्हणजे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. काळी एकही नाही. तारांची मोजणी मात्र बारीक तारेपासून करतात. पहिली आणि सहावी तार एकाच सुराची, पण दोन सप्तकांच्या अंतराने. शेजारच्या दोन तारांत सा ते शुद्ध मध्यम एवढे अंतर असते, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात सा ते शुद्ध गंधार. म्हणून जाड तार पाचव्या पडद्याजवळ दाबली की पुढच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. तिसऱ्या तारेवर मात्र चौथा पडदा धरावा लागतो. पेटीवर सरगम घोटलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही, कानाला कळते. फोनवरचा ट्यूनर जरूर वापरावा, पण अधूनमधून कानानेही तारा लावाव्यात. जुनी पेटी ट्यूनरच्या 440 हर्ट्झच्या मापाला असेलच असे नाही; तिच्यासोबत वाजवायचे तर तिचाच सूर धरावा.

विकत घेताना नाव आणि रंग यांपेक्षा पडदे पाहावेत. शाहूपुरीहून मिरज फार लांब नाही. तिथे घडणाऱ्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, हवे तसे सरकवता येतात. गिटारचे पडदे पक्के बसवलेले, सप्तकाचे बारा सारखे भाग करणारे. बारावा पडदा तारेच्या जवळजवळ मध्यावर येतो. मोकळी तार छेडावी, मग तीच बाराव्या पडद्याजवळ दाबून छेडावी. दुसरा सूर नेमका एक सप्तक वरचा हवा. चढा किंवा उतरा लागला आणि दुकानदाराला तो जुळवता आला नाही, तर गिटार दुकानातच राहू द्यावी. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटर असली की बोटांना झेपते. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ, स्टीलच्या बोचतात पण आवाज खणखणीत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात स्टीलला गंज लवकर चढतो, तेव्हा वाजवून झाल्यावर तारा फडक्याने पुसाव्यात.

बोट पडद्यावर नव्हे, त्याच्या किंचित अलीकडे टेकवायचे. अंगठा दांडीच्या मागे. पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात, मग कातडी जाड होते. तासभर रेटण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बरी.

पहिली कॉर्ड ई मायनर घ्यावी: पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्याशी दोन बोटे, बाकी तारा मोकळ्या. मग ए मायनर, सी, जी, डी. कॉर्ड धरणे सोपे असते. एकीवरून दुसरीवर लय न मोडता जाणे, हीच खरी मेहनत. बहुतेक जण इथेच कंटाळतात. सगळ्या तारा एका बोटाने दाबायची एफ कॉर्ड तूर्त बाजूला ठेवावी.

उजव्या हाताला तबल्याचा आधार पुरतो. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिल्या आणि चौथ्या मात्रेला जाड तार, उरलेल्या मात्रांना बारीक तारांवर झटका. केरव्यात आठ मात्रा. पहिलीवर आणि पाचवीवर वजन. बिलावलच्या सरळ सुरांतले भावगीत सुरुवातीला सोयीचे. भैरवीतल्या अभंगाच्या वाटेला इतक्यात जाऊ नये: कोमल सुरांखाली कॉर्ड बसवणे जाणत्यालाही जड जाते.

गायकाची पट्टी बदलली की कॅपो, म्हणजे सगळ्या तारा पडद्याशी दाबून धरणारा चिमटा, कामाला येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्यासाठी पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सी कॉर्डचाच आकार धरायचा; काळी चारच्या गायिकेसाठी कॅपो तिथेच, आकार जी कॉर्डचा.

मींड मात्र अशा गिटारवर फारशी निघत नाही. तार ओढून एक-दोन सूर चढतात, तेवढेच. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूचा तुकडा सरकवत रागसंगीत वाजवले. 1994 मध्ये ग्रॅमी मिळवणारे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा त्याच वाटेवरची. तिथे पडदे आणि कॉर्ड दोन्ही मागे पडतात, आणि शिक्षण वेगळ्या गुरूकडे, वेगळ्या पद्धतीने सुरू होते.