उलंगवाडी वेळेवर



विनोबांनी पवनारला देह कसा ठेवला, हे वर्धेकरांना नव्यानं सांगायला नको. नोव्हेंबर 1982. हृदयविकाराचा झटका आला. मग त्यांनी अन्न, पाणी, औषध बंद केलं आणि 15 तारखेला, ऐन दिवाळीत, ते गेले. वय 87. आपण बोलतो ते त्या आठवड्याबद्दलच. मी म्हणतो, त्याआधीची बारा वर्षं पाहा. भूदानासाठी तेरा वर्षं देश पायी तुडवलेला माणूस 1970 साली क्षेत्रसंन्यास घेतो. आता पवनार सोडायचं नाही. पुढं वर्षभर मौन धरतो. आधी पायांची ओढ सुटली, मग बोलण्याची. देहाची पाळी आली तोवर सोडायची सवय झालेली होती.

गैरसमज नको. बीपीची गोळी वेळेवर घ्या, डॉक्टरांचं ऐका. माझं म्हणणं एवढंच, की सोडायचं ते आधीपासून, थोडं थोडं.

आपण कापसाच्या मुलखातली माणसं. शेवटचा वेच झाला की आपण उलंगवाडी करतो. पऱ्हाटी उपटतो, रान मोकळं करतो. त्यात कुणी रडत नाही. पण एखाद्याला मोह सुटतो. आणखी दोन पाणी देऊ, फरदड घेऊ, चार बोंडं जास्त येतील. बोंडं येतात किडकी, गुलाबी बोंडअळीला मात्र आयतं घर मिळतं, आणि पुढच्या हंगामात ती शेजाऱ्याच्या कपाशीवरही जाते. आपल्या घरांत अशी फरदड किती चालते, सांगा! सून पन्नाशीला आली, तरी कोठीची किल्ली आजीच्या कमरेला. साखर हवी, तरी आधी विचारायचं. मुलाला नातवंडं झाली, तरी पेरणी बाबा म्हणतील तेव्हाच. मग कुरकुर, अबोला. अळी पडली ती अशी.

सातबारा उद्याच पोरांच्या नावावर करा, असं मी म्हणत नाही हं! तो राहू द्या तुमच्या नावावर. किल्ली द्या. शेवटचा शब्द माझाच, हा हट्ट सोडा. आणि पोरांनो, किल्ली मिळाली म्हणून म्हाताऱ्याशी बोलणं बंद करू नका. पऱ्हाटी उपटली तरी चुलीला तीच लागते.

पुन्हा सांगतो, आधीपासून, थोडं थोडं. हे फक्त म्हाताऱ्यांसाठी आहे, असं समजून कुणी रेडिओ बंद करायला निघालं असेल, तर एक ध्यानात घ्या. अखेरच्या घडीला मनात काय उभं राहील ते रोजच्या जगण्यातून ठरतं, हे विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या आठव्या अध्यायावर बोलताना समजावलं. साल 1932. तेव्हा त्यांचं वय अवघं छत्तीस. मग जगायचं कशासाठी, हा प्रश्न खरा तिथून सुरू होतो... पण काचेपलीकडून खूण झाली, वेळ संपली. आज संध्याकाळी एक तरी किल्ली कमरेची सोडा.